डिझेल कोण काढतं?

तमाम वाचकांना अत्यंत गंभीरपणे आणि पूर्ण जबाबदारीने कळवण्यात येते की रायपूरला समुद्र नाही. पूर्वीही नव्हता. नजीकच्या काळात येण्याची चिन्हं नाहीत. याबाबत कुणाचा काही गैरसमज असल्यास तो त्यांनी आजच दूर करून घ्यावा, कारण पुढची सगळी हकिगत एका जहाजावर घडते आणि ते जहाज रायपूर शहराच्या आत, एका तलावाच्या मधोमध, बंद पडलेलं आहे.

जहाजावर आम्ही तिघं होतो. साईट इन्चार्ज पुराणिक साहेब लाईफ जॅकेट घालून प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. ड्रायव्हर मनसाराम लिव्हरवर हात ठेवून उभा होता, जणू इंजिन चालूच आहे. मी इंजिनाच्या पत्र्याला कान लावून बसलो होतो. बंद इंजिनाला कान लावून काही ऐकू येत नाही. पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मेकॅनिकने काहीतरी करत असलेलं बरं दिसतं.

काठावर सकाळी फिरायला येणारी मंडळी उभी होती. रोजच्या सरावाने त्यांनी आता बसायच्या जागाही ठरवून घेतल्या होत्या. एकाने तोंडाशी हात धरून विचारलं, "भैया, पार्किंग मिल गई?"

साहेबांनी तिकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे झुकले आणि हळू आवाजात मराठीत म्हणाले, "दिगूभाऊ, सोमवारी म्या याचं नाव पोलिसात देऊन राहिलो."

मराठीत अशासाठी, की मनसारामला कळू नये. साहेब नागपूरहून नवीन आलेले. त्यांना माहीत नव्हतं की मनसाराम जातीचा केवट, म्हणजे नावाडी-मासेमार, आणि त्याची अर्धी हयात ब्राह्मणपाऱ्यातल्या, म्हणजे ब्राह्मणांच्या मोहल्ल्यातल्या, मराठी घरांना मागच्या दाराने मासे पुरवण्यात गेली होती. कोणत्या घरांना, ते मी लिहिणार नाही. मला तिथे नातेवाईक आहेत. सांगायचं एवढंच की मनसारामला मराठी उत्तम कळत होतं. त्याचा लिव्हरवरचा हात खाली आला. तो पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

आता मी कोण ते सांगतो. मी मरीन इंजिनिअर. उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, मग घरच्या ओढीने परत तात्यापाऱ्यात येऊन राहिलो. तात्यापाऱ्यात मरीन इंजिनिअरला किती काम असतं, असं लोक विचारतात. भरपूर असतं. धरणांवर सहलीच्या बोटी आहेत. सिलतऱ्याच्या कारखान्यांत पाण्याच्या मोठ्या टाक्या आहेत, त्यांत तराफ्यांवर बसवलेले पंप आहेत. मासेमारीवाल्यांच्या मोटरबोटी आहेत. पाण्यावर तरंगणारं आणि डिझेल पिणारं काहीही बिघडलं की लोक मला फोन करतात. घोड्यांच्या डॉक्टरला गावात गाढवंही चालतात, तसं माझं आहे.

या वेळचं जनावर म्हणजे जलकुंभी काढायचं मशीन. जलकुंभी ही निळ्या फुलांची पाणवनस्पती. दिसायला सुंदर, वागायला भाडेकरूसारखी. एकदा तलावात शिरली की निघत नाही. ती काढायला एका कंपनीने कंत्राट घेतलं होतं. मशीन म्हणजे दोन लांबलचक पोकळ पिपांवर बसवलेला लोखंडी चौथरा. पुढे कात्र्या, त्यामागे सरकता पट्टा, दोन्ही बाजूंना पाणी मागे ढकलणारी चाकं. कात्री कापते, पट्टा वर ओढून घेतो, चाकं मशीनला पुढे नेतात. हे सगळं एकाच डिझेल इंजिनावर चालतं. इंजिन एक पंप फिरवतं, पंप तेलाला दाब देतो आणि ते दाबाचं तेल नळ्यांतून जाऊन बाकीच्यांना कामाला लावतं. याला हायड्रॉलिक म्हणतात. सोय उत्तम. फक्त इंजिन बंद पडलं की कात्री, पट्टा, चाकं, सगळ्यांची एकदम सुट्टी. मग वारा नेईल तिकडे जायचं. डोंगीवाले, म्हणजे छोट्या होड्यांचे नावाडी, दोर टाकून ओढत काठाला आणतात आणि काठावरची मंडळी टाळ्या वाजवतात.

दसऱ्यापर्यंत मशीन नीट चाललं होतं. दसऱ्यानंतर ते असं वागायला लागलं: सकाळी एका हाकेत स्टार्ट व्हायचं, तलावाच्या मध्यापर्यंत जायचं, थोडं काम करायचं, मग आवाज बारीक व्हायचा, आचके यायचे आणि मान टाकायचं. अर्धाएक तास पडू दिलं की पुन्हा स्टार्ट. पुन्हा तेच.

मला बोलावलं त्या पहिल्या दिवशी साहेबांनी साईटवरच्या टिनाच्या शेडमध्ये चहा दिला आणि रोगाचं निदानही सोबतच देऊन टाकलं. साहेबांचा दोन गोष्टींवर पूर्ण विश्वास होता. एक देव, आणि दुसरा त्यांचा स्वतःचा तर्क. तर्क असा होता की मनसाराम चांगलं डिझेल विकतो आणि त्या जागी रॉकेल-पाणी काहीतरी ओतून ठेवतो.

मी विचारलं, "पुरावा काय, साहेब?"

"पुरावा? कबूल केलं ना त्यानं. सोताहून."

कबुलीजबाब त्यांनी मला जसाच्या तसा ऐकवला. साहेबांनी हिंदीत विचारलं, डीज़ल तुम निकालते हो? मनसाराम म्हणाला, हव. रोज निकालते हो? हव. किसी को बताते हो? त्यावर मनसारामने थोडा विचार केला आणि म्हणाला, नइ, कोन पूछथे?

"आता बोला," साहेब म्हणाले. "वरून तोंड वर करून सांगते, कोन पूछथे."

साहेबांचा आणखी एक मुद्दा होता आणि तो मला खटकला. ते म्हणाले, टाकी काठोकाठ भरून निघालो की मशीन लवकर बंद पडते. अर्धी असली तर जास्त वेळ चालते. म्हणजे नवीन डिझेल टाकलं की त्रास, म्हणजे नवीन डिझेलातच भेसळ. तर्काला नाव ठेवायला जागा नव्हती.

पण 'हव' वर मी अडकलो. नागपूरकडे हव म्हणजे हो. रायपूरलाही हव म्हणजे हो. पण छत्तीसगढी माणसाच्या तोंडी हव म्हणजे आणखीही बरंच काही असतं. ऐकतोय, बोला पुढे, तुम्ही साहेब आहात, आज ऊन आहे खरं. मी एकदा मनसारामला विचारलं होतं, बाजार कुठल्या बाजूला? तो म्हणाला, हव. त्यामुळे नुसत्या हव वर माणूस आत टाकायचा म्हटलं तर निम्मं रायपूर आत जाईल.

मी मनसारामला बाजूला घेऊन विचारलं, काय भानगड आहे? तो म्हणाला, साहेबांनी ठरवलंय, आता मी काय बोलणार. तलावाच्या काठालाच त्याचं घर. भाऊबंद, व्याही, सगळे त्याच पाऱ्यात. काठावर टाळ्या वाजवणाऱ्यांपर्यंत चोरीची बातमी पोचलेली होतीच. त्याची बायको दोन दिवस घाटावर पाण्याला आली नव्हती, एवढं मात्र त्याने सांगितलं, आणि तेही माझ्याकडे न बघता.

तेव्हा काम असं होतं. मशीन दुरुस्त करायचं हे तर होतंच, त्याचे मला पैसे मिळणार होते. पण ते का बंद पडतं हे लवकर सापडलं नाही, तर मनसाराम कायमचा चोर होणार होता. नंतर मशीन सुधारून काही उपयोग नव्हता. बिघाड दुरुस्त होतो, नाव होत नाही.

कामाला सुरुवात करण्याआधी पूजा झाली. साहेबांनी दसऱ्याला मशीनची रीतसर पूजा केली होती. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची करतात, तशी. मशीन बिघडायला लागल्यापासून त्यांनी पूजेचं प्रमाण वाढवलं होतं. आता ती रोज, निघायच्या आधी व्हायची. पितळी वाटीत तेलात कालवलेलं बंदन, म्हणजे आपला शेंदूर, वर अक्षता, बाजूला उदबत्ती. मशीनच्या सगळ्या महत्त्वाच्या जागी टिळे लागायचे. ताट धरायला माणूस हवा म्हणून ते मी धरलं. उदबत्ती तेवढी मी विझवायला लावली, कारण डिझेलच्या टाकीजवळ मला देवापेक्षा अग्नीची भीती जास्त वाटते.

मग मी तपासणी सुरू केली. टाकीचं झाकण उघडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं आणि उन्हात ठेवलं. पाणी असेल तर ते खाली बसतं, मध्ये रेघ दिसते. रेघ नव्हती. वास घेतला, बोटांवर चोळून बघितलं. चांगलं डिझेल होतं. तेवढ्यात म्हटलं काठावरच इंजिन चालवून पाहू. स्टार्ट केलं. चाललं. चालतच राहिलं. चहा झाला, नाश्ता झाला, साहेबांचा नागपूरला फोन झाला, तरी ते एका सुरात चालत होतं. डॉक्टर समोर आला की दुखायचं थांबतं, तसं.

साहेब म्हणाले, "पाहा. तुम्ही समोर आहे तर चोरानं चांगलं डिझेल टाकलं."

मी झाकण लावलं आणि आम्ही तलावात गेलो. मध्यावर इंजिनाने मान टाकली.

दुसऱ्या दिवशी फिल्टर बदलला. जुना फिल्टर कापून पाहिला, आत कचरा नव्हता. मग लाईनमधली हवा काढली. डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला की इंजिनाला डिझेल पोचत नाही, म्हणून नट सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे येईनात तोवर डिझेल वाहू द्यायचं. याला ब्लीडिंग म्हणतात. मनसारामने पंप मारला, मी नट आवळला. पूजा झाली, तलावात गेलो, मध्यावर मान टाकली.

तिसऱ्या दिवशी टाकीपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी बदलली. कधीकधी नळी बाहेरून ठणठणीत असते आणि आतला थर सुटून पडद्यासारखा आडवा येतो. ही आतूनही ठणठणीत निघाली. मग हायड्रॉलिकचा लोड काढून पाहिला. चाकांभोवती जलकुंभीचे वेल गुंडाळले जातात, त्याने इंजिनावर ताण येतो. चाकं साफ केली. पूजा झाली. साहेबांनी त्या दिवशी बंदन जरा जास्तच घेतलं होतं. तलावात गेलो. मान टाकली.

घरी मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, चेहरा बघूनच ओळखलं. म्हणाली, "तुम्ही समुद्रावर होते तेव्हा बरं होतं. तेव्हा निदान तलावात बुडायची भीती नव्हती."

आणि मग हा शनिवार, ज्याच्यावर ही हकिगत सुरू झाली. टाकी काठोकाठ भरून निघालो होतो. इंजिन नेहमीपेक्षाही लवकर बंद पडलं. साहेबांनी पोलिसांचं ते वाक्य म्हटलं. मनसाराम पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. मी पत्र्याला कान लावून बसलो होतो.

आणि कानाशी आवाज आला. टक्.

बंद इंजिन तापलेलं असलं की निवताना टकटक करतं, त्याचं काही नाही. पण हा आवाज इंजिनातून नव्हता. माझ्या पाठीमागे डिझेलची टाकी होती. मशीनसोबत आलेली प्लास्टिकची टाकी तडकली म्हणून कंपनीने सिलतऱ्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याची बनवून आणली होती. पातळ पत्रा, चौकोनी आकार. मी वळून बघितलं. टाकीच्या दोन्ही बाजू आत गेल्या होत्या. आंबा चोखणाऱ्या माणसाचे गाल जातात तशा.

मी हात लावला. पत्रा ताणलेला होता. झाकण फिरवायला गेलो तर फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा ते सुटलं आणि टाकीने एवढा लांब श्वास घेतला की साहेब खुर्चीतून उठले. फुस्स्स् करून हवा आत गेली. मग डम्म् करून पत्रा बाहेर आला. मनसाराम म्हणाला, राम राम.

इथे वाचकांना एक गोष्ट समजावून सांगायला हवी. घरी खाद्यतेलाचा मोठा पत्र्याचा डबा आणतो. त्याला एकच भोक पाडून तेल ओतायला गेलात तर काय होतं? ढुब ढुब करत येतं आणि अडतं. म्हणून आपण समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडतो. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. डिझेलच्या टाकीचंही तसंच. इंजिन जेवढं डिझेल पितं तेवढी हवा टाकीत यावी लागते. नाही आली तर टाकी आतून पोकळ होत जाते, डिझेलला मागे ओढून धरते आणि शेवटी इंजिन तहानेने बंद पडतं. मग कुठून तरी फटीतून हळूहळू हवा शिरते, ओढ कमी होते आणि इंजिन पुन्हा स्टार्ट होतं. टाकी काठोकाठ भरलेली असली तर आत हवेला जागा थोडी, म्हणून हा खेळ लवकर संपतो. झाकण उघडं असलं, जसं मी पहिल्या दिवशी बाटली भरल्यावर काठावर उघडंच ठेवलं होतं, तर खेळ सुरूच होत नाही.

ही हवा यावी म्हणून टाकीच्या झाकणाला एक बारीकसं भोक असतं. सुई जाईल एवढं.

मी हातातलं झाकण उलटं-सुलटं करून पाहिलं. आतल्या बाजूने भोक दिसत होतं. बाहेरच्या बाजूने स्वस्तिक दिसत होतं. सगळ्या मशीनवर गोल, सपाट आणि सोयीच्या उंचीवर असलेली जागा तेवढी एकच. दसऱ्याचं स्वस्तिक, त्यावर दुसऱ्या दिवशीचं, त्यावर तिसऱ्या दिवशीचं. मध्ये अक्षता. त्यावर तलावाची धूळ. तेलात कालवलेलं बंदन वाळून खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीसारखं घट्ट झालं होतं. मशीन बंद पडत होतं म्हणून साहेब पूजा वाढवत होते आणि पूजा वाढत होती म्हणून मशीन बंद पडत होतं.

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं. ते विचारत होते, "काहून फुसफुसून राहिली ते?"

आता प्रश्न इंजिनाचा नव्हता. वयाने मोठा, भाविक, त्यात महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत माझ्या शेजारी बसणारा माणूस. त्याच्या देखत त्याचा देव मी स्क्रू ड्रायव्हरने खरवडणार कसा? खरवडला असता तर त्यांनी भोकाकडे पाहिलंच नसतं. माझ्या हाताकडे पाहिलं असतं.

मी म्हटलं, "साहेब, या झाकणाचं काम करायचं आहे. पण यावर तुम्ही देव बसवलेला आहे. आधी उत्तरपूजा झाली पाहिजे."

उत्तरपूजा म्हणजे गणपती हलवण्याआधी करतो ती. अक्षता वाहून देवाला विनंती करायची की आता आपण आपल्या ठिकाणी जावं, आम्हाला मूर्ती उचलायची आहे. साहेबांना हे अत्यंत पटलं. चार दिवसांत त्यांना माझं पहिल्यांदाच काही पटलं होतं. म्हणाले, "आजकाल इतकं कोणी पाळत नाही, दिगूभाऊ." आणि तलावाच्या मधोमध, डिझेलच्या टाकीच्या झाकणाची उत्तरपूजा यथासांग पार पडली. काठावरच्या मंडळींना लांबून काय दिसलं असेल ते मला सांगता येणार नाही. एक जण उभा राहून हात जोडताना मात्र दिसला.

मग मी बंदन खरवडून काढलं, लाईफ जॅकेटची सेफ्टी पिन घेतली आणि भोक मोकळं केलं. झाकण लावलं. इंजिन स्टार्ट केलं. चाकं फिरायला लागली. साहेब खूश झाले. म्हणाले, देव गेला आणि मशीन चालली, हे काय गणित आहे?

मी म्हटलं, "गणित तुम्हीच करा. झाकणावर हे भोक आहे. त्यावर अंगठा ठेवा. घट्ट. मी सांगेपर्यंत काढू नका."

साहेबांनी खुर्ची ओढली आणि अंगठा ठेवला. मला एवढंच हवं होतं. आता ते उठू शकत नव्हते.

मी मनसारामला हाक मारली. साहेबांच्या समोर, साहेबांच्याच हिंदीत विचारलं, "मनसाराम, डीज़ल तुम निकालते हो?"

मनसारामने माझ्याकडे बघितलं. मग साहेबांकडे. म्हणाला, "हव."

साहेबांनी भुवया उडवल्या. अंगठा असल्यामुळे हाताने काही करता येत नव्हतं.

मी विचारलं, "कहाँ से निकालते हो?"

"ड्रम ले," तो म्हणाला. "अउ कहां ले निकालहूं? ड्रम ले निकालथंव, टंकी मा डारथंव. रोज."

काठावरच्या शेडमध्ये डिझेलचा ड्रम असतो. त्यातून हातपंपाने कॅनमध्ये काढायचं आणि टाकीत ओतायचं, हे ड्रायव्हरचं रोजचं काम. साहेबांनी विचारलं होतं, तू काढतोस का? तो म्हणाला होता, हो. रोज काढतोस? हो. कुणाला सांगतोस? नाही, कोण विचारतंय.

 साहेबांच्या डोक्यात तो कबुलीजबाब पहिल्यापासून पुन्हा चालत असावा. ते मनसारामकडे बघत होते. मनसारामही पहिल्यांदाच नजर न हलवता त्यांच्याकडे बघत होता. इंजिन चालू होतं.

मग इंजिनाचा आवाज बारीक झाला. टाकीने टक् केलं. साहेबांनी अंगठ्याकडे पाहिलं, कारण झाकण त्यांचा अंगठा आत ओढायला लागलं होतं. आचके आले. इंजिन बंद पडलं. चौघांनी मिळून केलेल्या शांततेत, म्हणजे आम्ही तिघं आणि इंजिन, मी म्हटलं, "आता काढा."

साहेबांनी अंगठा काढला. बारीक शिट्टी वाजत हवा आत गेली. थोड्या वेळाने डम्म्. मी स्टार्टर दाबला. इंजिन लागलं आणि त्यानंतर त्या दिवशी बंद पडलं नाही. आम्ही अंगठ्याच्या जागी काहीही न ठेवता जलकुंभीचे ढीगच्या ढीग कापले.

दुपारी स्वतःच्या ताकदीवर काठाला लागलो तेव्हा टाळ्या वाजवणारे गोंधळले. टाळ्या कशाच्या वाजवाव्यात हे त्यांना कळेना. घाटावर बरीच माणसं होती, मनसारामच्या पाऱ्यातलीही. साहेब उतरले. चार पावलं गेले, थांबले, वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मनसाराम, कल भी डीज़ल तुम ही निकालना. तुम्हारे सिवा कोई नहीं निकालेगा."

घाटावरच्या सगळ्या माना मनसारामकडे वळल्या.

मनसाराम म्हणाला, "हव."

त्याचा अर्थ या वेळी मी कुणाला समजावून सांगितला नाही. संध्याकाळी त्याची बायको हंडा घेऊन घाटावर आली.

सोमवारी पोलिसांकडे कुणी गेलं नाही. मालकांना साहेबांनी टेक्निकल फॉल्ट होता असं सांगितलं, ते खरंच होतं. मी बिलात व्हेंट क्लीनिंग असं लिहिलं, तेही खरंच होतं. मशीनच्या पुढच्या पत्र्यावर मी पिवळ्या रंगाने एक चौकोन काढून दिला आणि आत लिहिलं, टीका यहाँ लगाएँ. तिथे आता रोज टिळा लागतो. चौकोनाच्या आत एकही भोक नाही, हे मी दोनदा तपासलेलं आहे. या प्रकरणातून मी घेतलेला धडा एवढाच: कुठल्याही वस्तूला भोक दिसलं तर ते का आहे हे विचारल्याशिवाय बुजवू नये, मग हातात शेंदूर असो की एम-सील.

पुराणिक साहेबांनी धडा घेतला की नाही, याबद्दल मला शंका आहे. कारण त्या शनिवारी तलावाच्या मध्यावर, त्यांच्या अंगठ्याने इंजिन बंद पडल्यावर, मी त्यांना डब्याची दोन भोकं, हवा, डिझेल, सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. लाल झालेल्या अंगठ्याकडे पाहिलं, मग एवढ्या मोठ्या इंजिनाकडे पाहिलं, मग पुन्हा अंगठ्याकडे. मला वाटलं आता ते ओशाळतील. चेहरा तर हळूहळू उजळत गेला. आणि मग, मी, मनसाराम आणि जलकुंभीवरचे काही बगळे ऐकत असताना, त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"म्हणजे... माह्या पूजेत एवढा दम होता?"